मावलायांना दहीभात

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीनं काय सांगावं, तर पोरीनंच मशीनमध्ये मान घातली. पोरीचं लक्ष नव्हतं म्हणे. माझी पिंकी, भाकरी टाकताना कधी बोट भाजून घेतलं नाही तिनं, तिचं लक्ष नव्हतं! प्रेस मशीनला सेन्सर असतो. माणूस आत वाकला की मशीन जागच्या जागी थांबतं. ते थांबलं नाही, कारण कुणीतरी त्या सेन्सरची तार काढून ठेवली होती. सेन्सर चालू असला की मशीन सारखं अडतं आणि माल कमी निघतो. तार कुणी काढली ते मला माहीत आहे. सुपरवायझर साहेबराव. मला नवनाथनं सांगितलं, आणि माझा नवनाथ त्याच कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्याला नाही कळणार तर कुणाला. पण तोच वर मला म्हणतो, आई आता गप बस, गेलेली येत नाही. कशी गप बसू? साहेबराव मयतीला आला, चहा पिऊन गेला, कपसुद्धा उचलून ठेवला नाही.

असो. नवनाथची चाकणची खोली सोडली आणि आज तळवड्यात नवं काम धरलं. खोटं कशाला बोलू, आवडलं. बोलायला इथं कुणी नाही म्हणून ही वही. चौथीची शाळा माझी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचायचं कुणाला आहे.

विजयश्री मॅडमचं वर्कशॉप आहे. बोटभर उंचीची माणसं साच्यातून निघतात, ती आपण रंगवायची. मला वाटलं पोरांची खेळणी, तर नाही. हिंजवडीतले नोकरीवाले मोठे लोक टेबलाभोवती बसून हा खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे सोंगं घेतात, आणि पुढं काय घडायचं ते फाशावर ठरतं. या खेळात ग्रीस देशाच्या जुन्या देवांची दुनिया केली आहे. बैलाच्या तोंडाचा माणूस, एका डोळ्याचा राक्षस, मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी. बैलतोंड्याला मी तांबडा रंग दिला, आमच्या गावाकडच्या गोऱ्ह्याला शोभंल असा. मॅडम हसल्या. राहायला वरची खोली दिली आहे. खिडकीतून ऊन येतं, नळाला पाणी आहे. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज तीन बाया रंगवल्या. काळी लुगडी, केसांच्या जागी साप. हा खेळ ज्यानं रचला तो रविराज पुनावळ्याहून आला होता, ट्रॅफिकला शिव्या घालत. पोरगा चांगला आहे, मला मावशी म्हणतो. त्याला विचारलं, या कोण? तो म्हणाला, यांचं खरं नाव तिकडं कुणी घ्यायचं नाही. लोक इतके भ्यायचे की त्यांना दयाळू बाया म्हणायचे.

मला हसू आलं. आमच्या जामखेडकडं विहिरीवरच्या त्या सातजणींचं नाव कोण घेतं? आम्ही मावलाया म्हणतो आणि कोपू नयेत म्हणून दहीभात ठेवतो. मी म्हणलं, मग या मावलायाच की. रविराज म्हणाला, हो मावशी, त्याच समजा.

गणपतीचे कारागीर करतात तसे डोळे शेवटी केले. आता एकदा डोळे उघडले म्हणल्यावर उपाशी ठेवता येत नाही. डबीच्या झाकणात दहीभात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. मॅडमनी हसत फोटो काढला, जाहिरातीला चांगला म्हणे. हसू दे. मावलाया फळीवर आहेत तोवर रोज ठेवणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

झाकण रोज सकाळी चाटून पुसून साफ असतं. एक मुंगी नाही. उंदीर असंल.

आज दुपारी खालच्या टेबलावर खेळ मांडला. विकायच्या आधी खेळून बघतात. रविराज, मॅडम आणि रश्मी म्हणून एक मुलगी. चौथा गडी हिंजवडीच्या जाममध्ये अडकला, म्हणून रविराज म्हणाला, मावशी तुम्ही बसा. माझं सोंग काय, तर लेक गमावलेली आई. ती डोंगरावरच्या देवळात या तिघींपुढं उभी राहून शाप देते. आता त्याला बिचाऱ्याला पिंकीचं काय ठाऊक. मी इथं कुणाला सांगितलेलं नाही.

मी आधी फासा नुसता हातात फिरवला. रश्मी म्हणाली, मावशी लाजल्या. मग मी बोलले.

“मावलायांनो, ज्यानं माझ्या लेकीच्या मशीनची तार काढली, त्याच्या मागं लागा. तो जेवायला बसला की समोर बसा. निजला की उशाला बसा. मारू नका. जगू द्या, पण सुटू देऊ नका.”

साहेबरावचं नाव घेतलं नाही. देवापुढं दुश्मनाचं नाव घेऊ नये, देवाच्या कानात त्याचंच नाव राहतं, असं माझी सासू सांगायची. ज्यानं केलं त्याला त्या बरोबर ओळखतात.

फासा टाकला. सगळ्यात मोठा आकडा पडला. रविराज टाळ्या वाजवत म्हणाला, मावशी, तुम्ही सिरियलमध्ये पाहिजे होतात, इथं रंग कशाला देता. त्याला वाटलं सगळं खोटं बोलले. मला मात्र पिंकी गेल्यापासून पहिल्यांदा छाती मोकळी वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिघींची तोंडं भिंतीकडं ठेवली होती. सकाळी बघते तर खिडकीकडं. ती खिडकी चाकणच्या बाजूला उघडते. डोळ्यांखाली तांबडं ओघळलेलं. तिघींच्या डोळ्यांना मी तांबडा लावलाच नव्हता. पुसलं, जेवून आले, परत ओघळलेलं.

भ्याले नाही. बरं वाटलं. लागल्या कामाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी, म्हणून चाकणला जाऊन आले. म्हणलं डोळ्यानं बघू साहेबरावची काय दशा झाली.

काही झालेलं नाही. त्याच्या बिल्डिंगखाली वडापाव खात उभा, ढेरी पुढं, गडी खुशाल. मला बघून तोंड फिरवलं. मी म्हणलं, साहेबराव, जेवताना समोर कुणी बसतं का तुमच्या? झोप लागते का? तो म्हणाला, मावशी, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या. मग हात पुसला, जवळ आला आणि हळू आवाजात बोलला.

“मी प्रॉडक्शनचा माणूस. माल वाढवा म्हणून ओरडलो, ते खरं. पण तार काढायला मशीनचं पॅनेल उघडावं लागतं आणि त्याची चावी मेंटेनन्सकडं असते. तुमच्या घरात विचारा.”

मी त्याच्या पायाजवळ थुंकले आणि निघाले. नवनाथच्या खोलीला कुलूप होतं. सुट्टीच्या दिवशी कुठं गेला?

साहेबराव खोटारडा आहे. खोटारडाच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी नवनाथचा फोन आला. म्हणाला, आई, गावाकडच्या कुणी बाया पाठवल्यास का माझ्याकडं?

तीन बाया आहेत म्हणाला. कंपनीचा ॲप्रन, केसांवर टोपी, जशी पिंकी घालायची. पहिल्या शिफ्टला गेटवर उभ्या असतात. त्याच्या बसमध्ये चढतात, वॉचमन अडवत नाही. कँटीनमध्ये समोर बसतात, जेवत नाहीत, नुसत्या बघतात. बाकी कुणाला दिसत नाहीत. काल सुट्टीला तो त्यांना चुकवायला आळंदीला गेला, तर घाटावर त्या आधीच बसलेल्या.

“आई, टोपीखाली त्यांचे केस हलतात गं.”

मी म्हणलं, थकलायस, जेव आणि नीज. फोन ठेवला आणि फळीकडं बघितलं.

तिघींच्या खालच्या गोल चकत्या तेवढ्या आहेत. वर कुणी नाही. मोडल्याची खूण नाही. जिथं पाय चिकटवले होते तिथं स्वच्छ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडम म्हणतात मीच कुठं ठेवल्या. म्हणू दे.

रविराजला धरलं. म्हणलं, तुझ्या या बाया चुकतात कशा? केलं एकानं आणि जातात दुसऱ्याकडं? त्याला वाटलं खेळाचंच विचारते. म्हणाला, चुकत नाहीत मावशी. “बाहेरच्याला त्या शिवतच नाहीत. घरातल्यानं घरातल्याचं रक्त सांडलं, तरच येतात.”

पिंकीच्या घरातलं त्या कंपनीत एकच माणूस आहे.

मग विचारलं, थांबवायच्या कशा? तो म्हणाला, जिनं बोलावल्या तिनं मनापासून माफ केलं म्हणायचं. नुसतं तोंडानं चालत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिंकीच्या तेराव्यानंतर लगेच नवनाथ परमनंट झाला. इतकी वर्षं ठेकेदाराकडं घासला आणि तेव्हाच झाला. मी म्हणलं, देवानं एक नेलं, एक दिलं. गल्लीत पेढे वाटले मी. माझ्या हातानं.

पेढे घेताना त्यानं मान वर केली नव्हती. मला वाटलं बहिणीसाठी —

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोन आला. कामावर जात नाही तो. खोलीत कोंडून घेतलंय. त्या आत आहेत. ताट वाढलं की समोर बसतात. त्यांच्या डोळ्यांतलं भातात पडतं. फोनमध्ये मागं कुत्री कुंथावीत तसा आवाज.

म्हणाला, आई, तूच पाठवल्यास, तूच बोलाव परत.

मी एकच विचारलं. तार कुणी काढली?

नाही म्हणाला नाही. फोन ठेवला.

आज दहीभात ठेवला नाही. तरी झाकण ओलं आहे —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवनाथ, तू फोन उचलत नाहीस म्हणून इथं लिहिते. या पानाचा फोटो तुला पाठवते. वाच.

मी तुला पोटात वाढवलं. तिलाही. मला भीती वाटत नाही असं नाही. पण तिनं तर तुझ्यावर भरवसा ठेवून मान आत घातली असंल, दादा मेंटेनन्सला आहे म्हणून —

माफ कर म्हणू नको. परमनंटचं सांगू नको. साहेबराव ओरडला ते सांगू नको. तार तू काढलीस का नाही, एवढंच. माझ्यासमोर, तोंडानं. मग मी त्यांना परत बोलवेन. बोलवेन का, ते आत्ता माझं मला माहीत नाही.

गुरुवारी तुला सुट्टी. अमावस्या आहे. गुरुवारी बारा वाजेपर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलास तर मी नवा दहीभात कालवते आणि या वेळी नाव घेते. तुझं. पाळण्यात ठेवलेलं, पुरतं —

जिन्यावर कुणीतरी आहे. दुपारची वेळ, मॅडम बाहेर गेल्यात.

तू आलास का? एकटाच ये. पायांचे आवाज एकाचे नाहीत —

नवनाथ, त्यांना आत येऊ देऊ नको, आधी सांग, तार —