लंडनची नदी कशी हाय ते कळव

॥ श्री ॥

माहुली, कार्तिक शु. ८, शके १८६९

चि. सौ. साळूस माहुलीहून अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती हरणाबाई. पाडव्याचं तांबडं फुटायचं होतं, माझ्या हातात उटण्याची वाटी, आणि ही बाई दारात हजर. म्हणते कशी, आवं राहीबाई, घाटावर तुमच्यासाठी जागा धरून ठेवू का? जशी काय जत्रेला निघालेली. तिच्या मागनं आपला मोटकरी धुळा, त्याच्या मागनं शाळेचे मास्तर, आणि ऊन वर येईस्तोवर अर्धी माहुली कृष्णेच्या काठाला. तुझी सून बाळंत झाली नसती तर तूही असतीस. असो. तुझ्या नातवंडाचं कौतुक करायला आयुष्य पडलंय, आधी माझ्या नातवाचं ऐक.

माझा लाला पलटणीतनं घरी आला तो इटलीतलं घड्याळ मनगटाला बांधून, हे तुला ठाऊक हाय. त्यात एक बारका काटा सारखा पळतो, जरा वेळ बघितलं तर माझे डोळे फिरतात. आता झालं काय, मास्तरांच्या पेपरात आलं, की येत्या आषाढात लंडनला साऱ्या जगाचे खेळ भरणार. ऑलिंपिक म्हणतात त्याला. आपलं राज्य आल्यावरचे हे पहिलेच, आपलाच झेंडा घेऊन पोरं जाणार. त्यात पोहण्याची शर्यत असते, आणि मागल्या खेपेच्या पहिल्या नंबरवाल्याला किती वेळ लागला तेही छापलेलं. झालं! लालानं मोजणीची साखळी आणवली, घाटापासनं खाली उंबरापर्यंत तेवढंच अंतर मोजलं आणि पाडव्याला आपल्या सयाजीला पाण्यात सोडलं. साळे, पोरगं असं सुटलं म्हणतेस! उंबराला हात लागला तवा तो बारका काटा छापलेल्या आकड्याच्या अलीकडंच होता. मास्तरांनी दोनदा बघितलं. म्हणाले, बापानं चूक केली नसेल तर हा मुलगा जगात पहिला हाय. मी तिथंच ओवाळलं त्याला, अंग पुसायचीसुद्धा वाट बघितली न्हाई.

तवापासनं मी रोज मास्तरांकडनं पेपर वाचून घेते, बारीक छापलेलं मला दिसत न्हाई. मास्तर दमतात, मी दमत न्हाई. हॉकीचा मला घोर लागलाय. आजवर आपल्यापुढं कुणी टिकलं न्हाई, पण यंदा फाळणी झाली आणि चांगली चांगली खेळणारी पोरं तिकडं राहिली. तरी सोनं आपलंच, असं माझं मत. कुस्तीत तुर्की माणसं लय जबर म्हणतात, आणि कुस्ती मातीत न्हाई, गादीवर खेळतात! गादीला पाठ लागली तर मला झोप यील. बाया पळतात, थाळ्याही फेकतात. हरणाबाईला खरं वाटंना. मी म्हटलं, तू नवऱ्यावर फेकतेस ती कुणी मोजली असती तर तूही गेली असतीस.

पोहण्यात अमेरिका पुढं. जपानची पोरंही लय तयारीची, पण लढाईपायी त्यांना या खेपेला बोलावणंच न्हाई. म्हणजे एक जागा मोकळी झाली, असा लालाचा हिशेब. मला आधी वाईट वाटलं, पोरांनी काय केलं होतं बिचाऱ्या? पण तुझ्यापाशी खरं सांगते, मागनं बरंही वाटलं.

आता काळजीचं लिहिते. लंडनच्या गावातनं नदी वाहते म्हणे. ती कृष्णेएवढी हाय का? तळाला गाळ का धोंडे, भोवरे कुठं पडतात, पाणी कितपत गार, सुसरी-मगरी? पोराला आधीच ठाऊक असलेलं बरं. तुझ्या शेजारचे हळदवाले धरणेंद्रशेठ, त्यांचा मदन कॉलेजात जातो न्हवं? त्याला विचारून लंडनची नदी कशी हाय ते कळव. लालानं पुण्याच्या पोहणाऱ्या मंडळींना पत्र घातलंय, पोरगं बघून जा म्हणून. त्यांनी पसंत केलं तर मुंबईच्या निवडीला नाव जाईल.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू धाडते. लोभ हाय तेवढा ठेवच, वरनं पसाभर आणखी घाल.

तुझी अक्का,
राही

*

सांगली, ता. २५ नोव्हेंबर १९४७

ती. राहीअक्काच्या पायांशी साळूचा शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. बाळंतिणीच्या वाट्याला दोन आले, बाकीचे कुणी खाल्ले ते विचारू नकोस. बाळ गुटगुटीत आहे, रडणं मात्र तुझ्यासारखं, गावभर ऐकू जातं. इकडं गूळ बाजारात यायला लागला, रस्त्यानं गाड्यांची रीघ.

तुझं पत्र घेऊन मी मदनकडं गेले. त्यानं चित्रांचं इंग्रजी मासिक काढून दाखवलं. अक्का, मन घट्ट करून वाच. लंडनला नदी आहे, पण तिच्यात बोटी चालतात. पोहण्याची शर्यत तिच्यात नसते, हौदात असते. लांबलचक बांधीव हौद, वर छप्पर, आणि पाणी इतकं उभं, न वाहणारं, की तळाच्या रेघा दिसतात. या टोकाकडून त्या टोकाला जायचं, भिंतीला शिवायचं आणि परत फिरायचं. मुंबईची निवडही तशाच हौदात.

मग मी त्याला आपल्या सयाजीचं सांगितलं. पोरगा भला, हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की आज्जी, कार्तिकात तिकडं कृष्णेला ओढ किती असते? तुझ्या घाटावरून सुटलेला ओंडका माझ्या घाटाला येऊन लागतो, त्याला कुठं कुणी पोहायला शिकवलेलं असतं?

सयाजी चांगला पोहतो, ते मी लहानपणापासून बघते. पण किती चांगला, ते अजून कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. पुण्याची माणसं यायच्या आत पोराला सांग. परक्यानं चारचौघांत हसून सांगितलं तर तो पुन्हा पाण्याचं नाव काढायचा नाही. लालाला सांगून उपयोग नाही, तो घड्याळाचं ऐकतो, माणसाचं ऐकत नाही.

लिहिलं त्याचा राग धरू नकोस. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
साळू

*

माहुली, कार्तिक व. ४

चि. सौ. साळूस आशीर्वाद. वि. वि.

हौद? अगं, हौद म्हणजे जनावरं पाणी पितात तो. एवढं मोठं राज्य केलं त्या लोकांनी, दारात नदी, आणि पोरांना हौदात पोहवतात? मी तुझं पत्र मास्तरांना न दाखवता घडी करून कमरेला खोवलंय. तिथं ते मला टोचतंय.

सांगितलं न्हाई अजून. कसं सांगू? हल्ली पोरगं एक भाकरी जास्त खातं. चालतं तेसुद्धा निराळं. परवा तालमीतली पोरं त्याला विलायत म्हणून हाक मारत होती आणि हा ओ देत होता. आणि लाला! सातारच्या बाजारात गेला की घड्याळ दाखवल्याबिगर मेथीची जुडी घेत न्हाई. काल एका वाण्याला सांगत होता, अमेरिका दुसरी यील.

त्यात आज पुण्याचं उत्तर आलं. दत्तजयंती झाली की दोघंजण येतायत. लालानं पत्र तीनदा मोठ्यानं वाचलं. मी चुलीपुढनं उठलेच न्हाई. मला सारखं दिसतं, की ती माणसं हसतायत आणि माझं पोरगं मधे उभं हाय, अंगावरनं पाणी निथळतंय. एकदा वाटतं सांगावं, एकदा वाटतं त्या दिवशी देवच काहीतरी करील. एकदा तर असंही वाटलं, की त्यांना तापच यावा आणि येणंच रहित व्हावं. दोघांना बारका बारकाच, जास्त न्हाई.

तू ये ना दोन दिवस. तू सांग त्याला. लहानपणी कडू औषध तूच पाजायचीस त्याला.

काळजीत बुडालेली,
अक्का

*

सांगली, ता. १० डिसेंबर १९४७

ती. अक्कास साळूचा शि. सा. न.

बाळंतघर सोडून मला निघता येत नाही, तुलाही ते कळतं. औषध मी पाजायचे, पण तुझ्या मांडीवर झोपवूनच. पोराचा विश्वास तुझ्यावर आहे.

त्याला ते हौदात पोहायला लावणारच. त्या दिवशी तो अडाणी उतरेल की जाणता उतरेल, एवढंच तुझ्या हातात आहे. हे कार्ड पोचेल त्या दिवशी सांग. नाही सांगितलंस तर मी सयाजीला कार्ड टाकीन, आणि ते आधी टपालवाला वाचील, मग हरणाबाई.

रागावलेली, तरी तुझीच,
साळू

*

माहुली, मार्गशीर्ष व. ५

चि. सौ. साळूस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी सांगितलं. आधी पोटभर जेवू दिलं, मग हौद, भिंत, उभं पाणी, सगळं. ओंडक्याचं तेवढं न्हाई सांगितलं, माझ्यानं झालं न्हाई. पोरगं ऐकत बसलं. मग म्हणालं, म्हणजे मी पहिला न्हाई व्हय आज्जी? मी म्हटलं, अजून कुणालाच ठाऊक न्हाई बाबा. तो उठून गेला तो नदीकडं फिरकेचना. चालायला शिकल्यापासनं जे पोरगं नदीत, त्यानं घाटाकडं पाठ केली. लालाला वाटलं सर्दी झाली, काढा दे म्हणाला. मी दिला, पोरानं मुकाट्यानं प्याला. सर्दी नसताना काढा पिणारं पोरगं बघून मला रडू आलं.

मग एक दिवस धुळा बोंबलतच आला. आपल्या मळ्यातली चार मोटांची विहीर हाय न्हवं, सयाजी तिच्यात उतरलाय, या भिंतीपासनं त्या भिंतीला जातो, धोंड्याला लाथ घालतो आणि उलटा फिरतो. बाहेर यायला तयार न्हाई, पाणी ढवळून निघालंय, मोटेचे बैल बुजलेत. धुळा म्हणाला, पोराला लागीर झालंय. मी म्हटलं, व्हय, लंडनचं. गूळशेंगा देऊन गप्प केला त्याला. लालाला मात्र आमी आज्जी-नातवानं काही सांगितलं न्हाई. धीरच झाला न्हाई.

आणि आले एकदाचे पुण्याचे पाहुणे. एक टकलावाले, एक चष्म्याचे. ताप न्हाई, काही न्हाई, खणखणीत. चहा उकळायच्या आत लालानं घड्याळ काढून पाडव्याचं सगळं सांगितलं, उंबरासकट. ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग चष्मेवाल्यांनी लय गोड आवाजात विचारलं, हवालदारसाहेब, घाटाकडून उंबराकडं म्हणजे पाणी कुठल्या बाजूला वाहतं? दाराआड मी कपबशी खाली ठेवली. लाला म्हणाला, उंबराकडंच की. आणि ते बोलल्यावर त्याचं त्याला ऐकू आलं. साळे, लढाईवरनं आलेला माणूस, पण तसं तोंड मी त्याचं कवा बघितलं न्हवतं.

तेवढ्यात सयाजी बोलला. थोरांपुढं कवा बोलत न्हाई तो. म्हणाला, ते पाण्याबरोबरचं होतं, ते धरू नका. उभ्या पाण्यात काय जमतं ते विहिरीवर येऊन बघा.

सगळे विहिरीवर. मीही गेले, पाहुण्यांना नारळ द्यायचा राहिला हे निमित्त करून. पोरगं उतरलं. लालाही घड्याळ धरून उभा. छापलेला आकडा आला, गेला, काटा फिरून पुन्हा वर चढायला लागला आणि पोरगं अजून पाण्यातच. लाला घड्याळावरनं नजर काढीना. टकलावाले म्हणाले, विहीर गोल, सारखं वळायला लागतं, इथं मोजमाप खरं न्हाई. पण खरं सांगायचं तर शर्यतीला हा चालायचा न्हाई, मान वर काढून पोहतो, त्यातच निम्मं बळ जातं. सयाजी वर बघून म्हणाला, पुरात समोरनं काय येतंय ते बघायला नको? टकलावाले हसले. मला वाटलं, झालं, संपलं.

चष्मेवाले हसले न्हाईत. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, शेंडीसालीसकट होता, आणि दिला पाण्यात फेकून. म्हणाले, थांबायचं न्हाई, एका हातानं उचल आणि माझ्याकडं टाक. पोरानं पोहता पोहता उचलला आणि असा टाकला की त्यांच्या कानाजवळनं गेला न् धुळ्याच्या पायाशी पडला. धुळा देवाचं नाव घेऊन मागं सरला. पुन्हा फेकला. पुन्हा आला. मग टकलावाल्यांनीही कोट काढला. इकडनं तिकडनं फेकायला लागले दोघं, मधेच सांगतात दुसऱ्याकडं टाक, आणि पोरगं मान वर ठेवून दोघांवर डोळा राखून. चहा घरी गार झाला.

मग त्यांनी सांगितलं. लंडनला आणखी एक खेळ असतो, पाण्यातला चेंडूचा. सात सात गडी, तळाला पाय लावायचा न्हाई, चेंडू समोरच्याच्या जाळ्यात टाकायचा. त्यात मान वरच लागते, न्हाई तर चेंडू दिसणार कसा? त्याचीही निवड मुंबईलाच. पण हमी देत न्हाई म्हणाले. मुंबईची, बंगालची पोरं वर्षानुवर्षं खेळतायत, ह्याला अजून खेळाचं नावही ठाऊक न्हाई. खरा चेंडू हातात देऊन बघू, मग बोलू. मी मनात म्हटलं, एवढा घोडा पोरगा, चेंडू खेळायला सातासमुद्रापार जाणार? पण मग पोराच्या तोंडाकडं बघितलं. साळे, तो अजून पाण्यातच होता, बाहेर यायला नको म्हणत.

लाला माझ्याशी दोन दिवस बोलला न्हाई. आज सकाळी दाढी करता करता विचारलं, आये, या चेंडूच्या खेळात जपानचं कसं काय असतं, मास्तरांना विचारशील का?

आता मला नवा घोर. निवड झाली तर बोटीचा घोर, न झाली तर पोराचा. रोज पहाटे विहिरीवर नारळ आपटतो, घरात खोबरं इतकं झालंय की पोळीत, भाजीत, आमटीत खोबरं. बाळाला माझे मुके. लोभ असू दे, आणि या महिन्यात देवापुढं बसशील तवा माझ्याऐवजी सयाजीचं नाव घे.

तुझी अक्का,
राही

ता. क. मुद्द्याचंच राहिलं. पाहुणे संक्रांतीला तुमच्या सांगलीतली पोहणारी पोरं बघायला येतायत. घाटावर दिसले तर ओळख दाखवू नकोस, पण तिळगूळ दे आणि गोड बोल. परतताना चेंडू घेऊन इथं उतरणार. मी दिवस विचारला तर म्हणाले, संक्रांतीचा दुसरा. म्हणजे करीचा, अशुभ! करीला आपण साधा नवा माठ भरत न्हाई. अगदी ओठावर आलं होतं, की एक दिवस पुढं या. पण वाटलं, पुढं या म्हटलं आणि आलेच न्हाईत तर? तवा गिळलं. करीच्या दिवशी, सकाळच्या मोटारीनं. नक्की येतो म्हणालेत.