जुनी इमारत बंद करताना

दि. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. प्रकृती उत्तम, जेवण बेताचं, अतिथिगृहातली गादी दगडाची. फोन फाटकावरच काढून घेतात, म्हणून पत्राचा खटाटोप. पत्रंही उघडून वाचतात म्हणे, तेव्हा सांगण्याजोगं तेवढंच लिहितो.

इथे बॉम्बच्या आतला गाभा घडवतात. जुनी इमारत मोडकळीला आली, म्हणून शेजारी नवी बांधताहेत. तिची मुदत टळून वर्षं लोटली, खर्च तिप्पट झाला. तेव्हा संसदेच्या समितीनं आमच्या देखरेख कचेरीला विचारलं, की पाणी कुठे मुरतंय ते बघा. कचेरीनं मला पाठवलं. कुणाची तरी चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून मी बाह्या सरसावूनच आलो होतो.

नव्या इमारतीत शिरलो आणि आधी भिंतीवर हात फिरवून पाहिला. भिंत म्हणजे काय ते मला आजवर ठाऊकच नव्हतं, अक्का. दाराच्या चौकटीतून चालायला लागलो, तर चौकट संपेचना! एवढी ती भिंत जाड. आणि एवढ्या अचाट भिंतींत हवेच्या नळांसाठी ठेवलेली भोकं लहान पडली आहेत. नळांचा आराखडा पुरा व्हायच्या आधीच भिंती ओतल्या. का, तर निवडणूक तोंडावर आली होती आणि मंत्र्यांना काम दाखवायचं होतं. आता भोकं मोठी करायची तर आतलं पोलाद कापावं लागेल, आणि पोलाद कापलं की भिंत लंगडी. इथल्या मुख्य अभियंता बाई शांतपणे म्हणाल्या, की पाडून पुन्हा ओतायला हवी. हे बोलणाऱ्या त्या तिसऱ्या. आधीच्या दोघांची बदली झाली.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच चालू दे.

तुझा,
गुंड्या


दि. १५ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

(वाटेत हे पाकीट उघडणाऱ्या अनोळखी गृहस्थांनाही नमस्कार. अक्षर डॉक्टरचं आहे, सांभाळून घ्या.)

आराखड्याआधी भिंत! अरे, आमच्या न्हाणीघराचं तेच झालं. तुझ्या दाजींनी हौसेनं आधी फरशा बसवून घेतल्या, मग नळवाल्याला बोलावलं. तो आला, बघून हसला आणि सगळं उखडून ठेवून गेला. तुझे मंत्री आणि तुझे दाजी एकाच माळेचे मणी.

पण मला एक सांग. नवी इमारत रखडलीय, तर काम कुठे चाललंय? त्या जुनीतच ना? ती मोडकळीला आली असं तूच लिहितोस आणि पुढे तिच्याबद्दल चकार शब्द नाही. पेशंट दुखणं सोडून जगातलं सगळं सांगायला लागला, की मी गुपचूप त्याची नाडी धरते. तुझं पत्र मला तसं वाटलं. खरं काय ते लिही. तुझ्या बायकोला मी सांगितलंय, की गुंड्या मजेत आहे.

गरम कपडे घालत जा. रागावले तरी माया पातळ होत नाही, हे लक्षात असू दे.

अक्का


दि. २ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे काही लपत नाही. जुन्या इमारतीत जाऊन आलो.

आत काचेच्या बंद पेट्यांची रांग, आणि यंत्रांची अशी घरघर, की शेजारच्याच्या कानाशी ओरडावं लागतं. पेट्यांना रबरी हातमोजे जोडलेले आहेत. बाहेरून त्यांत हात घालून कारागीर आतलं काम करतात. तिथल्या प्रमुखांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मला एका पेटीपाशी नेलं आणि हात घाल म्हणून खुणावलं. आत एक काळपट धातूचा तुकडा होता. दिसायला एवढासा, पण उचलला तर मनगटच खाली गेलं. आणि अक्का, तो ऊबदार होता. खाली जाळ नाही, वीज नाही, तरी झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा तसा ऊबदार. काका कानाशी ओरडून म्हणाले, की आपल्या पणतवंडांची पणतवंडं जाऊन कितीतरी युगं लोटली तरी ही ऊब राहणार. आणि एवढ्याशा तुकड्यात एक अख्खं शहर बेचिराख करायची ताकद आहे. मी तो अलगद खाली ठेवला. मग हात बाहेर काढले.

आता दुखणं. ही इमारत बांधली तेव्हा खालून जमिनीची भेग गेलीय हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते मागाहून कळलं. मोठा भूकंप झाला तर छप्पर कोसळेल, पेट्या फुटतील आणि आतली विषारी धूळ वाऱ्यावर जाईल. खाली दरीत गाव आहे. सकाळी मुलं सायकलवरून शाळेला जाताना दिसतात.

नवी पाडून पुन्हा बांधा म्हणालो, तर जुनी आणखी कित्येक वर्षं चालणार. आहे तशीच पुरी करा म्हणालो, तर हेच काम लंगड्या भिंतींच्या आत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिसरी वाट एकच: नवी नीट उभी राहीपर्यंत जुनी बंद. म्हणजे देशाचं बॉम्ब घडवणंच बंद. असं वाक्य आजवर एकाही तपासनिसानं लिहिलेलं नाही. परवा आमचे साहेब आले होते. म्हणाले, योग्य ती काळजी घेऊन वापर चालू ठेवावा असं लिही, सगळे तसंच लिहीत आलेत. भला माणूस आहे गं, माझ्या काळजीपोटीच बोलला. पाकीटवाले हे वाचणार असतील तर वाचू देत.

काय करू ते सुचत नाही. या धाकट्यावर लक्ष असू दे.

गुंड्या


दि. ११ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. आयुष्यभर माणसांच्या अंगाची ऊब चाचपत आले. ऊब म्हणजे जीव, एवढंच मला माहीत. तुझ्या त्या तुकड्याची ऊब काही माझ्या डोक्यात मावेना. नुसती भीती नाही वाटली रे. आभाळ एकदम फार जवळ आल्यासारखं झालं.

काय लिहावंस ते मी सांगणार नाही. माझं काम तेवढं सांगते. सर्जन कितीही नावाजलेला असो, कितीही रंगात आलेला असो, पेशंटचा रक्तदाब कोसळला की थांबा म्हणायचं ते भूल देणाऱ्या बाईनं. एकदा एका बड्या सर्जननं संतापून माझ्या अंगावर चिमटा भिरकावला होता. पेशंट वाचला. चिमटा मी कागदांवर ठेवायला घरी आणला. तुझ्यासमोर तर गावाएवढा पेशंट झोपलाय.

नोकरी गेली तर सरळ इकडे ये. न्हाणीघर सोडून सगळं घर तयार आहे. मायेची मुदत कधी टळत नाही, हे तुला वेगळं सांगायला नकोच.

अक्का


दि. १८ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

लिहिलं. बंद करा, असं सरळ लिहिलं. नोकरी शाबूत आहे. साहेब सुनावणीत माझ्याशेजारी बसले, पण पाण्याचा पेला काही त्यांच्या हातून सुटेना.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, की तुम्ही देशाला काय थांबवायला सांगताय ते कळतंय ना. कसंबसं म्हणालो, की इमारत काय सोसेल ते सांगणं माझं काम, देश काय सोसेल ते ठरवणं आपलं. तेवढ्यात काका उभे राहिले. उभा जन्म त्या इमारतीत गेलेला माणूस! मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ते म्हणाले, की माझी माणसं रोज आत शिरताना एकदा छपराकडे बघतात. मीही बघतो. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मग अभियंता बाई उठल्या. आराखडा पुरा झाल्याशिवाय एक घमेलं काँक्रीट पडू देणार नाही म्हणाल्या, आणि खर्च आणखी किती वाढेल तेही न लपवता सांगितलं. आकडा ऐकून कुणीतरी शीळ घातली. समिती आत गेली. परत आली तेव्हा अध्यक्षांचा आवाज बसला होता. जुनी बंद, नवी पुन्हा.

काल बंद करायचा दिवस. मलाही बोलावलं होतं. शेवटचा तुकडा तिजोरीत गेला. कारागिरांनी हातमोज्यांतून हात काढून घेतले. काका रांगेतून जात एकेक यंत्र बंद करत गेले. घरघर विरत विरत थांबली आणि मग एक आवाज उरला. वरून येणारा, मंद, एकसारखा. एका कारागीर बाईंनी विचारलं, की हे काय वाजतंय. इतकी वर्षं तिथे राबूनही त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. काका म्हणाले, हवेचे पंखे. हे बंद करायचे नाहीत. पेट्यांत धूळ राहिलीय, ती बाहेर पडू नये म्हणून हे चालूच ठेवायचे. आपण घरी गेल्यावरही, आणि आपल्यातलं कुणी उरलं नाही तरी, कुणीतरी इथे येऊन यांच्याकडे बघायचं.

काम संपलं होतं, दार उघडं होतं, तरी पहिलं पाऊल कुणी उचलेना. सगळे माना वर करून ऐकत उभे राहिलो.

रविवारी तुझ्याकडे येतो. लोभ आहे तेवढा राहू दे. आणखी थोडा वाढला तर माझी तक्रार नाही.

तुझा,
गुंड्या