पुढं रान बघणारा

येडगाव,
दि. २२ जून १९९९

ती. सौ. आशाताईस,
बिरदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आहुप्याहून इथवर मेंढरं हाकत आणली असती तरी त्याच्या आधी पोचली असती.

मी बारावी पास झालो, हे तुला कळलंच असेल. आबांना त्याचं माझ्याइतकंच नवल वाटलं. दुसऱ्याचं कोकरू चुकून आपल्या कळपात यावं, तसं माझ्याकडं बघत होते.

नारायणगावला कॉलेजात जाऊन एफ.वाय.बी.ए.चा फॉर्म आणला. त्यात इंग्रजी सगळ्यांनाच आहे, पण बाकीचे चार विषय म्हणे आपण निवडायचे. ताई, मला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं की बाबा, तुला काय शिकायचंय. खिडकीतल्या क्लार्कला मी विचारलं की समाजशास्त्रात काय असतं. तो म्हणाला, तुला पास व्हायचंय का शिकायचंय ते आधी ठरव, मागं रांग आहे. मग मी बाहेर येऊन ठरवत बसलो. तिथं एक जण छत्र्या दुरुस्त करत होता. छत्रीची काडी कुठं कुठं मुडपते ते बघण्यात खिडकी बंद झाली.

पण खरी अडचण निराळीच आहे. दिवाळीनंतर आपला बिऱ्हाड-मेंढरांचा वाडा कोकणाकडं निघतो, तेव्हा एक मुक्काम पुढं जाऊन रान बघायचं काम गेली तीन सालं माझ्याकडं आहे. कुठलं शेत मोकळं, पाणी कुठं, मेंढरं बसवली तर खताच्या बदल्यात मालक धान्य देईल का, हे मी बघून येतो आणि मग वाडा हलतो. आबा म्हणतात, तू वर्गात बसलास तर पुढं कोण जाणार? नाव घालायचं तर घाल, मग निम्मी मेंढरं चिमाजीकाकाच्या हवाली करतो आणि उरलेली घेऊन जवळपास फिरतो. काकाकडं गेलेलं जनावर परत आलेलं कुणी बघितलेलं नाही. आबा हे रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. शांतपणे बोलले.

विषय पक्के करायला ३१ जुलैपर्यंत मुदत आहे. तोवर मी सगळ्या वर्गांत बसून येणार. नाही तरी रान बघायची सवय आहेच.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण रागावल्याचं कळव.
तुझा,
बिरदेव

आहुपे,
दि. ३ जुलै १९९९

चि. बिरदेव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या छत्रीवाल्याला मी लई हसले. तुझे भाऊजी हसले नाहीत. ते पडले मास्तर, फॉर्म न भरणाऱ्या पोराला हसणं त्यांना जमत नाही. त्यांचा निरोप असा की इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी घे. या चारींची गाईडं कुठंही मिळतात, शिवाय अर्थशास्त्र असलं की बँकेच्या परीक्षेला बरं पडतं. समाजशास्त्र म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलंच अवघड करून लिहायचं, असं ते म्हणाले. मी विचारलं, आपल्याला ठाऊक आहे म्हणजे काय काय ठाऊक आहे? तर ते शाळेची घंटा द्यायला निघून गेले.

तुझ्यामुळं मलाही खोड लागली. इथल्या देवराईत कुणी कोयता नेत नाही. परवा शेजारच्या साळुबाईंना मी विचारलं की वाऱ्यानं झाड आपोआप पडलं तर ते कुणाचं? म्हणाल्या, देवाचं. मग ते उचलायचं का नाही, हे देवाच्या वतीनं कोण सांगतं? त्यावर त्यांनी मला नाचणीची गरम भाकरी दिली आणि विषय बदलला. भाकरी चांगली होती, पण उत्तर राहिलं.

आबांना कठोर समजू नकोस. निम्मी मेंढरं देणं त्यांना तुझ्यापेक्षा जड जाईल. तू वर्ग बघायचे तेवढे बघ, फक्त बाहेर कोण काय दुरुस्त करतंय तिकडं बघू नकोस.

पावसानं एस.टी. कधी येते, कधी येत नाही. पत्र उशिरा आलं तरी माया वेळेवर आहे असं समज.
तुझी,
आशाताई

येडगाव,
दि. १४ जुलै १९९९

ती. सौ. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

वर्ग बघतोय. इतिहासाचे सर डोळे मिटून शिकवतात, पण शिवनेरीचं नाव आलं की उघडतात. भूगोलाच्या सरांनी नकाशा टांगला. त्यात तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा समजायचा. घाटापाशी त्या अशा दाटल्यात, जशी रात्री जाळीत मेंढरं. मी तास संपल्यावर तिथंच उभा राहून आपली सगळी वाट बोटानं चालून आलो. तोवर पुढच्या तासाची पोरं येऊन बसली आणि तो तास तर्कशास्त्राचा निघाला. बसलो. सगळी माणसं मर्त्य आहेत, एवढं कळलं.

अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच वेळेला असतात, दोन्हींतलं एकच घेता येतं. भाऊजींचं ऐकून अर्थशास्त्रात दोन दिवस बसलो. मग काल समाजशास्त्रात गेलो. बाई सांगत होत्या की पूर्वी माणसं जनावरं घेऊन फिरायची, मग शेती आली आणि ती स्थिरावली. मी उठून म्हणालो, बाई, आम्ही दिवाळीनंतर निघणार आहोत. वर्ग हसला. एकानं मागून मेंढरासारखा आवाज काढला, तोही धड काढता आला नाही त्याला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मुक्काम कुठं करायचा ते कोण ठरवतं? मी छाती काढून सांगितलं की मी. मग त्यांनी विचारलं, कसं? मी म्हटलं, गवत, पाणी, मोकळं शेत. त्या म्हणाल्या, समजा तिन्ही सारखं असलेली तीन शेतं शेजारी शेजारी आहेत, तर तू त्यातलं एकच का निवडतोस? ताई, तीन सालं निवडतोय, आणि का ते मला सांगता येईना. बाई म्हणाल्या, माहिती काढून ये, मलाही ठाऊक नाही.

आबांना विचारलं. म्हणाले, दिसतं. काय दिसतं म्हटलं तर म्हणाले, दिसायचं ते दिसतं, तू आधी कातर घेऊन ये, लोकर काढायचीय.

तुला काही सुचत असेल तर लिही. विसरली नाहीस एवढं कळलं तरी पोट भरेल.
तुझा,
बिरदेव

आहुपे,
दि. २० जुलै १९९९

चि. बिरदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहिते, एस.टी. उभी आहे. आबांना विचारून काय होणार? पुढं रान बघायला निघताना आई दरवेळी तुझ्या हातात काही ना काही द्यायची. ते काय असायचं आणि कुणाच्या घरी द्यायला सांगायची, तेवढं आठवून बघ. मग तिच्याकडं जा.

माया तीच, कागद तेवढा कमी पडला.
तुझी,
आशाताई

येडगाव,
दि. १ ऑगस्ट १९९९

ती. सौ. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठवलं. कधी तुपाचं गाडगं, कधी बाळाच्या अंगाखाली घालायला मऊ घोंगडीचा तुकडा, कधी नुसती हळद. जाता जाता एवढं अमक्या वस्तीवर दे म्हणायची. मी द्यायचो, तिथली बाई चहा करायची, आणि नेमकं त्याच घराचं शेत मोकळं असायचं. मालकही तयार. मला वाटायचं, काय नजर आहे आपली.

आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, आरं, शेतं सारखी असली तरी घरं सारखी नसत्यात. ज्या घरात जावाजावांचं वाटणीवरनं लागलंय तिथं मेंढरं बसवली, तर सकाळी धान्य द्यायला कुणी येत न्हाई आन् भांडायला दोघी येत्यात. आणि हे तिला कळतं झुंबरबाई कासारणीकडून. ती वाटेवरच्या घराघरांत बांगड्या भरते. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा कांदा निघाला, कुठं धुसफूस चाललीय, सगळं तिच्याकडं. दोघी आपल्या गोठ्याच्या अंगाला बसून हळू आवाजात मुक्काम ठरवतात. मी म्हटलं, म्हणजे मी तीन सालं काय करत होतो? आई म्हणाली, तू पोचवत व्हतास की. आणि वर म्हणाली, तुझ्या आबांना बोलू नगस, ते बी जवानीत पुढं रान बघायला जायचे.

आता बघ माझी अडचण. हे आबांना सांगितलं तर पुढं जायला मीच लागतो असं नाही हे कळून निम्मी मेंढरं वाचतात, पण आबांचं सगळं तरुणपण जातं. सांगितलं नाही तर मेंढरं जातात. मग मी सांगितलंच नाही, फक्त बाईंचा तीन शेतांचा प्रश्न त्यांना घातला. आबा म्हणाले, ज्या शेताशी घोडं आपसूक थांबतं ते. पण पुढं दोन दिवस ते धड जेवले नाहीत. कातर तशीच घेऊन बसायचे.

शुक्रवारी झुंबरबाई आली. आई तिला गोठ्याकडं घेऊन गेली, तर आबा आधीच तिथं बाजेवर बसलेले. म्हणाले, बाई, आज हळू नका बोलू, मला बी ऐकायचंय. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. झुंबरबाईनं आईकडं बघितलं, आई म्हणाली, बोल. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं की हे कधीपासनं? आई म्हणाली, तुमच्या आईपासनं.

आबा उठून मेंढरांकडं गेले. मी पाठोपाठ जावं का नको, या विचारात दारातच थांबलो. जेवायच्या वेळी आले, भाकरी मोडली, आणि मला म्हणाले, चिमाजीकाकाला निरोप धाड, मेंढरं न्यायला येऊ नगं म्हणावं.

काल फॉर्म दिला. इतिहास, भूगोल, मराठी आणि समाजशास्त्र. क्लार्क म्हणाला, समाजशास्त्रात पुढं स्पेशल करायचं तर इथं सोय नाही, पुण्याला जावं लागेल. बघू. भाऊजींना बँकेचं जरा सावकाश सांग. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. ज्या साली वाटेवर खरं बघण्यासारखं होतं, त्याच साली मी वर्गात बसणार.

तू हे आधीच ओळखून होतीस, तरी तीन सालं मला मिरवू दिलंस. लोभ असाच ठेव, पण पुढच्या वेळी जरा आधी सांग.
तुझा,
बिरदेव

आहुपे,
दि. २५ नोव्हेंबर १९९९

चि. बिरदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी आम्ही घोडेगावला गेलो होतो. अलीकडच्या एका वस्तीवर आपला वाडा उतरलेला दिसला, म्हणून तुझ्या भाऊजींना स्टँडवर बसवून मी धावत गेले. सगळी मेंढरं आहेत, एकही कमी नाही. आई पुढं आली होती, आणि कुणाच्या हाती काही न देता, स्वतः मालकाशी उभ्यानं बोलत होती. आबा मागून आले. जागा बघून त्यांनी मान डोलावली आणि जाळी ठोकायला घेतली. आईनं सांगितल्यावर त्यांनी घोडीही पलीकडं बांधली. हे मी जन्मात बघितलं नव्हतं.

शेतमालकानं तुझी चौकशी केली. पुढं येणारा तो पोरगा कुठाय, आजारी हाय का, म्हणून विचारलं. तर आई म्हणाली, त्याला कॉलेजात बसवलाय. जिथं तिथं का म्हणून विचारत बसतो, मेंढरं खोळंबत्यात.

आबा एवढे हसले की त्यांच्या हातातली खुंटी खाली पडली.

अभ्यास कर. साळुबाईंनी पडलेल्या झाडाच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही, तेव्हा पत्रातून एवढं कळव की तुझ्या बाई वर्गात पुढं काय म्हणाल्या. भाकरीवर किती दिवस काढू?

माझी माया तुझ्या पाठीशी आहे, तू कुठंही बसलास तरी.
तुझी,
आशाताई