बाराव्या मजल्यावरच्या चपला

तेलुक इन्तान
१२ नोव्हेंबर २०१८

ती. अंजलै अक्कास,
मुनियांडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, शाळांना सुट्ट्या लागल्या की आम्ही क्वालालंपूर बघायला येत आहोत. तुला भेटायला नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. तुझ्या मुलीच्या लग्नात भर पंगतीत, व्याह्यांसमोर तू म्हणालीस की ज्या गावात घड्याळाचा मनोरासुद्धा सरळ उभा राहत नाही, त्या गावात राहून माझ्या भावाचं डोकं तरी कसं ठिकाणावर राहील. केळीच्या पानावरून उठताना मी शपथ घेतली की तुझ्याशी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. सात वर्षं झाली, पाळली आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून पत्रं चालू आहेत. मोबाइलवर लिहिलं असतं, पण ते सेल्वी माझ्याआधी वाचते.

तर आम्ही पर्यटक म्हणून येत आहोत. सेल्वीच्या माहेरची सगळी मंडळी बरोबर आहेत, व्हॅन भाड्याने घेतली आहे, एकूण अकरा माणसं. हॉटेलात उतरलो असतो, पण सेल्वीने तुझ्याकडे उतरायचं परस्पर ठरवलं आणि माझ्या घरात माझं किती चालतं ते तुला ठाऊक आहे. तरी अट अशी की मला भाऊ समजायचं नाही, पर्यटक समजायचं. पर्यटकाकडे बघून हसायचं, त्याला बोलायला लावायचं नाही. मला तुमचे ते जुळे मनोरे बघायचे आहेत. इतका गवगवा आहे, तर किती सरळ आहेत ते चष्म्याच्या दुकानदाराच्या नजरेने एकदा तपासून घेतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची घाई नाही.

तुझा (फक्त कागदावर) भाऊ
मुनियांडी

सेन्तुल, क्वालालंपूर
१६ नोव्हेंबर

चि. मुनियांडीस,
अंजलैचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भावोजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. या, अकरा या नाहीतर एकवीस या. गाद्या शेजारच्या रोकियाकडून आणीन. बोलण्याचीही सोय केली आहे. तू रोकियाला मलय भाषेत सांग, ती येऊन मला मलय भाषेतच सांगेल. तिघांनाही मलय येत असल्यामुळे अडचण नाही. ती तर आत्तापासूनच तयारीला लागली आहे.

एक मात्र लिहिते, हसू नकोस. अम्मा-अप्पा गेले. तुझे भावोजी मला अगं म्हणतात, मुलं अम्मा म्हणतात, रोकिया नावाने हाक मारते आणि सगळी इमारत आंटी म्हणते. मला अक्का म्हणणारं या जगात एकच तोंड उरलं आहे आणि तेच तू शिवून ठेवलंस. मनोऱ्याचं मी चुकून बोलून गेले, हे कितीतरी पत्रांतून लिहिलं. आता मला बाकी काही नको. एकदा अक्का म्हण, मग खुशाल परत गप्प बस.

येताना तिथली तांदळाच्या पिठाची गुंडाळी, सुक्या कोळंबीची चीचोंगफन, बांधून आण. ती चव इथे नाही. सेल्वीला आणि पोरांना गोड पापा.

तुझी वाट बघणारी, तू काहीही समजलास तरी
अक्का

हॉल, सोफ्यावरून
२५ नोव्हेंबर, सकाळ

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रोकिया तुला स्वयंपाकघरात आणून देईल. तिच्या तोंडी निरोप देणं मी बंद केलं आहे. मी तिला एवढंच सांगितलं होतं की चहात साखर कमी. तिने तुला जाऊन सांगितलं म्हणे की मुनियांडीला फार पश्चात्ताप झालाय आणि तो हमसून हमसून रडतोय. चहा होता तेवढाच गोड आला आणि वर तू डोळे पुसत आलीस.

दुसरं असं की ही माणसं कोण आहेत? मनोऱ्यांकडे निघायला आम्ही कपडे घालून तयार बसलो होतो. तेवढ्यात एक चिनी गृहस्थ बिस्किटांचा डबा घेऊन आत आले आणि माझा हात दाबून त्यांनी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. दिवाळी होऊन तीन आठवडे होत आले! त्यांच्यामागून टोपी घातलेले मलय, त्यांच्यामागून कोण शीख कुटुंब, आणि सगळे थेट जेवणाच्या टेबलाकडे. मी दाराजवळच्या खुर्चीत असल्यामुळे सगळे मलाच घरमालक समजत आहेत. पर्यटकाला हे शोभत नाही. कृपया खुलासा व्हावा.

आपला नम्र
पर्यटक मुनियांडी

स्वयंपाकघर, कढईसमोरून
२५ नोव्हेंबर, थोड्या वेळाने

चि. मुनियांडीस,
अ. आ.

खुलासा असा की चूक तुमच्या चपलांची आहे. या शहरात सणानंतर महिनाभर कोणाच्या दाराबाहेर एवढ्या चपला दिसल्या की लोक समजतात, आज यांचं घर सगळ्यांना खुलं आहे. मग बोलावणं लागत नाही, सरळ आत यायचं. आत आलं की त्यांच्याही चपला ढिगात पडतात आणि तो ढीग बघून आणखी लोक येतात. याला शेवट कसा असणार?

मी भावोजींना चपला आत आणायला पाठवलं. तर सातव्या मजल्यावरच्यांनी त्यांना दोन्ही हातांत चपला घेऊन उभं बघितलं आणि त्यांना वाटलं, जोडे सांभाळायला माणूस ठेवलाय. त्यांनी आपलेही त्यांच्या हातात दिले. ते बिचारे अजून तिथेच उभे आहेत. आल्या माणसाला न जेवता परत पाठवायची माझी टाप नाही. रोकियाच्या घरून कोंबडीचं रेंदांग आलं म्हणून निभावतंय.

तू आहेस तिथेच बस आणि सगळ्यांना जेवा, जेवा म्हण. त्यांच्याशी न बोलण्याची शपथ तर नाही ना? मनोरे कुठे पळून जात नाहीत. फारच घाई असली तर मागच्या खिडकीतून दिसतात, जरा वाकावं लागतं.

घामाघूम
अक्का

हॉल, तोच सोफा
२६ नोव्हेंबर, संध्याकाळ

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस झाले, मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आजची हकीकत तुला कढईमागून दिसली नसेल म्हणून लिहितो. समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने उतरलेलं एक गोरं जोडपं आलं. तुमच्या किती पिढ्या या शहरात गेल्या, असं त्यांनी मला विचारलं. मी पर्यटक आहे म्हटलं तर त्यांना तो माझा विनोद वाटला. क्वालालंपूरचा अस्सल रहिवासी म्हणून त्यांनी माझे फोटो काढून नेले. मुरुक्कू कसा खायचा हेही मलाच करून दाखवावं लागलं.

मग त्या चिनी गृहस्थांच्या भाच्याची सिंहनृत्याची टोळी आली. त्यांना म्हणे सराव हवाच होता. पुढचे पाय पहिल्या लिफ्टने वर आले आणि मागचे पाय ज्या लिफ्टमध्ये होते ती चौदाव्या मजल्यावर अडकली. तेव्हा अर्धाच सिंह नाचला आणि तुझे लाडू खाऊन गेला. शेवटी इमारतीच्या समितीचे अध्यक्ष आले. सर्व धर्मांच्या रहिवाशांना एकत्र आणल्याबद्दल त्यांनी बाटिकचा शर्ट देऊन माझा सत्कार केला. मी आभाराचं भाषणही केलं. काय करणार?

दुपारी तू दारात लोकांना निरोप देत होतीस तेव्हा मी मागच्या खिडकीशी जाऊन आलो. वॉशिंग मशीनच्या कडेवर गुडघा टेकवला, मान पार खांद्यावर आणली, तेव्हा कुठे मनोरे दिसले. दोन्ही कललेले आहेत. आमच्या मनोऱ्यापेक्षा चांगलेच जास्त. माझ्या मानेमुळे तसं दिसलं असेल, असं भावोजींचं म्हणणं, पण चष्म्याच्या धंद्यात कोण, ते की मी? मी अत्यंत समाधानी आहे. मशीन मात्र लाव, बाहेर धुण्याचा डोंगर पडला आहे.

उद्या सकाळी निघतो. पाहुणचार उत्तम होता, तेवढं पर्यटन राहिलं.

सत्कारमूर्ती
मुनियांडी

सेन्तुल
३० नोव्हेंबर

चि. मुनियांडीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं सेल्वीने फोनवर सांगितलं. तू रागाने जेवत नाहीस असंही म्हणाली, म्हणून लिहायला बसले.

मंगळवारी खाली व्हॅन भोंगा वाजवत होती. सगळ्यांच्या चपला सापडल्या, तुझ्याच सापडेनात. तू सेल्वीला विचारलंस, तिने रोकियाला, रोकियाने भावोजींना, भावोजींनी मला. मी ऐकूच न आल्यासारखी डबे भरत राहिले. मग तू दारातून ओरडलास, अक्का, माझ्या चपला कुठायत म्हणून. मुनियांडी, अप्पांचाच आवाज रे! मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तुला वाटलं मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, आणि भावोजींचे बूट चढवून तू निघून गेलास. सात वर्षं तुझी वाट बघितली आणि तू बोललास त्याच वेळी मी मुकी झाले.

आता खरं सांगते. चपला मीच लपवल्या होत्या, पहिल्याच रात्री. शोधायला लागलास की कोणाला तरी विचारशील, आणि रोकिया सापडली नाही तर मला विचारशील, एवढाच माझा डाव. तू घराबाहेरच पडला नाहीस म्हणून तो शेवटच्या दिवसापर्यंत लांबला. कुठे लपवल्या ते सांगणार नाही आणि पोस्टाने तर मुळीच पाठवणार नाही. न्यायला यावं लागेल.

चूक माफ कर आणि जेव.

अक्का

तेलुक इन्तान
४ डिसेंबर

ती. अक्कास,
मुनियांडीचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींचे बूट मला मोठे होतात. दुकानात फटक फटक चालतो, गिऱ्हाइकं आधी पायांकडे बघतात.

चपला वॉशिंग मशीनमध्ये आहेत. मनोरे बघायला गुडघा टेकवला तेव्हा झाकण उघडं होतं. तेव्हाच उचलून दाराबाहेर ठेवता आल्या असत्या, पण ठेवल्या नाहीत. अक्का, मलाही बोलायचंच होतं गं. सात वर्षांत शपथ कशासाठी घेतली ते विसरायला झालं होतं, पण मोडायची कशी तेच सुचत नव्हतं. सबबीशिवाय तोंड उघडायची लाज वाटत होती आणि ती सबब तूच त्या मशीनमध्ये घालून ठेवली होतीस. म्हणून ठाऊक असूनही विचारलं. तुझी ओ आली नाही तेव्हा वाटलं, आता हिनेही शपथ घेतली. जेवण जात नव्हतं ते त्यामुळे.

शनिवारच्या बसने एकटाच येतो आहे, बूट घेऊन. या वेळी दाराबाहेर एकच जोड असेल, त्यामुळे तिसरं कोणी आत येणार नाही. या पत्राला उत्तर लिहू नकोस. मी दारातून हाक मारीन, तू फक्त ओ दे.

तुझा भाऊ
मुनियांडी