आज दार उघडलं नाही

बाबा,

ऑफिसची गाडी आज लवकर येणार आहे, म्हणून महाप्याला निघाले. पोहे कढईत झाकून ठेवलेत. खाल्ल्यावर बीपीची गोळी घ्या.

आज तुमच्या खोलीचं दार मी उघडलं नाही. आई गेली त्या सकाळी चहा घेऊन तिला उठवायला मीच गेले होते. हाका मारल्या, मग पायाला हात लावला. तेव्हापासून रोज तुमच्या नाकाशी हात धरून बघितल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. काल तुम्ही जागे झालात आणि म्हणालात, "क्षिप्रा, झोपू दे गं. मी कुठे जात नाहीये." मी तुमच्यावरच ओरडले, "आईपण अशीच झोपली होती!" रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "एक दिवस न बघता जाशील का?"

म्हणून आज न बघता जातेय. कडीला हात लावून बराच वेळ उभी होते. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. लिफ्टपर्यंत जाऊन परत आले, तरी दार नाही उघडलं. शेजारच्या अरुणाकाकूंकडे किल्ली असते, पण त्यांनाही काही सांगितलं नाहीये. बाबा, मला फार भीती वाटतेय.

उठलात की आधी फोन करा, दात नंतर घासा. काही बोलायला सुचलं नाही तर नुसतं खोकलात तरी चालेल. मला कळेल.

क्षिप्रा