कव्हर घालू का?

ती. फुसाएताईस,

किसाबुरोचा ओसाकाहून कंबर धरेपर्यंत वाकून नमस्कार. तू पाठवलेली नासपतीची पेटी पोचली. (दोन डागाळली होती, ती मी खाल्ली, चांगली बायकोने शेजारी वाटली.) भावोजींचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे, दुकानाची तेवढी खालावली आहे.

आमचं आठ मजली पुस्तकांचं दुकान तू पाहिलं आहेस. आता त्यातल्या चार मजल्यांवर टॉवेल, छत्र्या, कॉफी असलं वाङ्मय मिळतं. लोक वाचतात मोबाईलवर, नाहीतर त्या वाचायच्या चपट्या पाटीवर. बरं, वाचेनात का! पण माझं काम काय, तर विकलेल्या पुस्तकाला दुकानाच्या कागदाचं कव्हर घालायचं, म्हणजे बँकेचे साहेब प्रेमकथा वाचताहेत हे गाडीत शेजारच्याला कळू नये. एकतीस वर्षं हेच केलं. पाटीवर काय चाललंय ते तसंही कुणाला दिसत नाही. तेव्हा आमच्या मॅनेजर नोनाकाबाई गोड हसून म्हणाल्या, "हातानाकासान, वर्षअखेरीला कव्हरचं टेबल बंद करू या. तुम्ही टॉवेलांकडे जा." ताई, मला रडूच आलं गं. टॉवेल जवळ होते, एवढीच सोय.

गेल्या मंगळवारी उराबेसान आले. माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण हल्ली येतात ते फक्त आमचं स्वच्छतागृह वापरायला. चष्मा पुसायला म्हणून त्यांनी हातातली पाटी माझ्या टेबलावर ठेवली, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कव्हर घालू का?" आता इतक्या अदबीने विचारल्यावर माणूस नको कसं म्हणणार? ते म्हणाले, "तसदी नसेल तर..." आणि त्यांनी तसदी म्हटल्यावर मी तरी माघार कशी घेणार? घातलं कव्हर. कडा मुडपून, चांगलं घट्ट. (चालू करायचं बटण आत गेलं. भल्या माणसाने आभार मानून तसंच नेलं.)

मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं, ही नवी सोय आहे. त्यांच्यामागे आणखी दोघे लागले. आपल्या ओसाकाचं तुला ठाऊक आहेच, रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते मागाहून विचारायचं. शनिवारपर्यंत रांग जिन्यात गेली. एका गृहस्थांनी जेवणाचा डबा पुढे केला, त्यालाही घातलं.

नोनाकाबाई खूश! "टेबल राहणार!" मी तीनदा वाकलो. पण रांगेला जागा नको का? म्हणून त्यांनी आधी दोन कपाटं हलवली, मग कादंबऱ्यांचा अख्खा मजलाच रिकामा केला. पुस्तकांचे उरलेले मजलेही या आठवड्यात जाताहेत. आगीतून फुफाट्यात पडलो म्हणावं, तर पगार चालू आहे. बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा,
किसाबुरो

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. दुकानाच्या जुन्या निळ्या कागदाचा एकच ताव उरला आहे, पुढल्या महिन्यापासून प्लास्टिक येणार. हा शेवटचा ताव तरी खऱ्या पुस्तकाला घालावा, अशी फार इच्छा आहे गं. रविवारी ये आणि एक पुस्तक घे. कुठलंही चालेल. वाचलं नाहीस तरी चालेल.

आणखी एक ता. क. : आमच्या दुकानात पुस्तक शोधत बसू नकोस. मोबाईलवरून मागव आणि येताना घेऊन ये.