पाचशे ऐंशी व्होल्टची पेटी

सोनई,
२ मार्च १९९७

चि. सम्राट यास,

यशोधराताईचा जयभीम. तुझी तब्येत उत्तम असणार, कारण जपानपर्यंत माझा हात पोचत नाही. इकडे दादांचा रक्तदाब वाढलाय, माझाही वाढलाय, आणि दोन्हींचं कारण तू पाठवलेली ती चंदेरी पेटी.

तू लिहिलंस की हा हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे तुमच्या कंपनीतला सगळ्यात भारी माल. सीडीवरचे आकडे आतल्या आतच आवाजात बदलतो आणि हेडफोनमधल्या झिरझिरीत पडद्याला पाचशे ऐंशी व्होल्ट देतो. अरे, इथं पंप सुरू झाले की बल्बची उदबत्ती होते, आणि तू आपल्या म्हाताऱ्या बापाच्या कानाशी पाचशे ऐंशी व्होल्ट लावतोस? केशरआत्या तर हात लावायला तयार नव्हती. शेवटी हेडफोन कानाला लावला, तर गाण्याच्या वर आमच्याशी अशी ओरडून बोलली की शेजारी भांडण सोडवायला आले.

हेही सोसलं असतं. पण सोबत तू सीडी प्लेअर आणि ती सीडी पाठवलीस. मागच्या मे महिन्यात आलास तेव्हा ओसरीवर दादांचं जलशातलं गाणं रेकॉर्ड केलंस, ती. (दादा गाणार आणि बन्सीकाका ढोलकीवर, ही जोडी माझ्या जन्माच्या आधीपासूनची.) साध्या टेपवर काय ऐकू येतं? गाणं. तुझ्या पेटीतून काय ऐकू येतं? दादांची धाप, ढोलकीची करकर, आणि गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आड बन्सीकाका कुणाला तरी हळूच म्हणतात ते: “सहादू आता नुसता वरडतो. सूर पार गेला.”

दादांनी हेडफोन काढला, तडक बन्सीकाकांच्या दारात गेले आणि सांगून आले की चौदा एप्रिलला आपला जलसा होणार नाही. कारण सांगितलं नाही. काका बिचारे रोज येऊन ओसरीवर बसायचे, दादा आत भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण अर्धं, गाणं बंद, न्हाणीतलंसुद्धा. मी शाळेत पोरांवर खेकसायला लागले. त्यांचा काय दोष?

शेवटी मीच काकांना हाताला धरून आत आणलं आणि दादांच्या देखत तो हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. म्हटलं, ऐका काय बोललात ते! सीडी पहिल्यापासून लावली. गाणं सुरू व्हायच्या आधीच काकांचा चेहरा बदलला, आणि कानावर येईल ते मोठ्यानं म्हणायला लागले:

“बन्सीचा हात जड झालाय, पुढच्या टायमाला दुसरा ढोलकीवाला बघा... सहादू, ह्यो तुजाच आवाज न्हव्हं?”

दादा आढ्याकडे बघायला लागले. (म्हणजे हे त्यांनी ऐकलं होतं, आणि सोयीनं विसरलेही होते!)

“माजाच हाय,” दादा म्हणाले. “पर खोटं हाय का?”

काका टाळ्यांपर्यंत ऐकत बसले. स्वतःचं बोलणं आलं तसा हेडफोन काढला आणि म्हणाले, “माजं बी खोटं न्हाई. आना ढोलकी.”

दादांनी पट्टी खाली घेतली, काकांनी लय संथ केली. बाबा रे, इतकं गोड गाणं या ओसरीवर मी कधी ऐकलं नव्हतं. डोळे पुसताना कुणी बघू नये म्हणून मी आत जाऊन भांडी आपटली. तो रागही तुझ्याच नावावर.

तर ही पेटी ताबडतोब घेऊन जा. म्हातारपणी माणसाला इतकं स्वच्छ ऐकू येणं बरं नाही.

तुझी, अजूनही संतापलेली,
ताई

ता. क. पेटी नेऊ नकोस. दोघे म्हातारे एकाच हेडफोनला एकेक कान लावून बसतात आणि भांडतात. पेटीला पुढे दोन भोकं आहेत, तर दुसरा हेडफोन पाठव, असा दादांचा निरोप आहे.

आणखी ता. क. निरोप लिहिला, पण हेडफोन पाठवू नकोस. काल दोघे बाहेर गेल्यावर मी ती सीडी शेवटपर्यंत ऐकली. टाळ्या थांबतात, माणसं उठून जातात, मशीन बंद करायला तू विसरलास. मग अंगणातून तुझा आवाज येतो, मामाच्या योगेशशी बोलताना: “मी आता कायमचा तिकडंच राहणार. दादांना एवढ्यात सांगू नकोस.” दादा अजून तरी टाळ्यांपाशीच सीडी थांबवतात. हेडफोनऐवजी चौदा एप्रिलच्या आत तूच ये, आणि त्यांच्या समोर बसून स्वतःच्या तोंडानं सांग.